जीपीएसचा रॉ डेटा: रिसिव्हरमधून उतरवण्यापासून दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत

मोजणीच्या कामात नवा होतो तेव्हा एकदा समोरून निरोप आला, "रॉ डेटा पाठवा." मी पॉइंटची सीएसव्ही फाईल पाठवली. उत्तर आलं, "हा नाही, रॉ." मग कंट्रोलरमधली (रिसिव्हर चालवायच्या हातातल्या उपकरणातली) जॉब फाईल पाठवली. तीही परत आली. त्यांना बेस (एका जागी स्थिर ठेवलेला रिसिव्हर) आणि रोव्हर (पॉइंट घेत फिरणारा रिसिव्हर) यांवर नोंदलेली उपग्रहांची निरीक्षणं हवी होती, आणि ती माझ्याकडे नव्हतीच. रोव्हरवर लॉगिंग, म्हणजे निरीक्षणांची नोंद, सुरूच केलं नव्हतं, आणि बेसची फाईल पुढच्या कामासाठी मेमरी रिकामी करताना पुसली गेली होती. पॉइंट बरोबर होते याची मला खात्री होती, पण ती दुसऱ्याला पटवून देईल असं काही हातात उरलं नव्हतं. ते काम पुन्हा करावं लागलं.

त्यानंतर जी पद्धत बसवत गेलो ती इथे क्रमाने देतो आहे. सॉफ्टवेअर कोणतंही असो, मेनूची नावं बदलतात, कामाचा क्रम बदलत नाही.

हाताशी काय काय हवं

- रिसिव्हर आणि अँटेनाचं नेमकं मॉडेल, सिरीयल नंबर आणि फर्मवेअरची आवृत्ती
- अँटेनाच्या मापांचं रेखाचित्र. बहुतेक वेळा ते अँटेनावरच छापलेलं असतं किंवा मॅन्युअलमध्ये मिळतं
- फिल्डशीट: पॉइंटचं नाव, सुरू आणि बंद केल्याची वेळ, अँटेनाची उंची आणि ती कशी मोजली त्याची नोंद
- ज्ञात कंट्रोल पॉइंटचे को-ऑर्डिनेट, त्यांच्या डेटम (मोजायची संदर्भचौकट) आणि इपॉकसह (आकडा कोणत्या तारखेचा आहे ते)
- कंपनीचं डाउनलोड आणि रूपांतर करणारं सॉफ्टवेअर
- कोणत्याही एका कंपनीचं नसलेलं एक तपासणीचं साधन. आरटीकेलिब हा तोमोजी ताकासू यांनी लिहिलेला मुक्त संच मी वापरतो
- साधा टेक्स्ट एडिटर
- दोन वेगवेगळ्या जागी ठेवता येईल इतकी साठवण

१. 'रॉ डेटा' म्हणजे कोणता, हे आधी विचारून घ्या

या एका शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे रिसिव्हरने उपग्रहांकडून घेतलेली निरीक्षणं. प्रत्येक इपॉकला, म्हणजे इथे नोंदीच्या प्रत्येक क्षणाला, प्रत्येक उपग्रहासाठी कोडवरून काढलेलं अंतर, कॅरियर फेज (सिग्नलच्या वाहक लहरीची अवस्था), डॉप्लर आणि सिग्नलची ताकद यात असते. जीपीएसच्या एल१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिच्या फेजचं माप मिलिमीटरच्या घरात घेता येतं. सगळी अचूकता तिथून येते. ही फाईल बायनरी असते, एडिटरमध्ये उघडली तर काहीही वाचता येत नाही. प्रत्येक कंपनीचं रूप वेगळं: ट्रिंबलचं टी०२ किंवा टी०४, टॉपकॉनचं टीपीएस, सेप्टेंट्रिओचं एसबीएफ, यू-ब्लॉक्सचं यूबीएक्स.

दुसरी गोष्ट म्हणजे कंट्रोलरने ठेवलेली कामाची नोंद. कार्लसनची आरडब्ल्यू५ फाईल हे तिचं ओळखीचं उदाहरण. ही साध्या मजकुराची फाईल असते. बेस कुठे धरला, रॉडची (रोव्हर धरायच्या काठीची) उंची किती, प्रत्येक पॉइंटचा अक्षांश, रेखांश, एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची आणि अचूकतेचे आकडे, हे सगळं ओळीओळीने तिच्यात येतं. आरटीकेने, म्हणजे बेसच्या दुरुस्त्या रोव्हरला तिथल्या तिथे देणाऱ्या पद्धतीने, जागेवरच निघालेलं उत्तर तिच्यात असतं, ते उत्तर ज्यावरून निघालं ती निरीक्षणं नसतात.

पोस्ट प्रोसेसिंग (निरीक्षणांवरून नंतर गणित) करायचं असेल तर पहिली लागते. आरटीकेचे पॉइंट तपासायचे, रॉडची उंची दुरुस्त करायची किंवा बेस बदलून पुन्हा गणित मांडायचं असेल तर दुसरी पुरते. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, कायमच्या ठेवा. जागा फार लागत नाही आणि पुन्हा जागेवर जाण्याइतकं महाग दुसरं काही नाही.

२. निघण्याआधी लॉगिंगची सेटिंग

आरटीके नीट चालत असेल तर लॉगिंगचा विसर पडतो, म्हणून ते टेम्प्लेटमध्येच सुरू ठेवा. बेसवर तर अपवादच करू नका.

इपॉकचं अंतर ठरवताना एक गोष्ट पाहा. बेस १५ सेकंदांवर आणि रोव्हर १० सेकंदांवर ठेवला तर दोघांचे जुळणारे इपॉक ३० सेकंदांनी एकदाच येतात. रोव्हरच्या दोन तृतीयांश नोंदी वाया. बेस १ सेकंदावर ठेवला की रोव्हर कितीही पूर्ण सेकंदांवर असला तरी जुळतं, नंतर विरळ करायची सोयही राहते. लांब स्टॅटिक (रिसिव्हर एका जागी ठेवून घेतलेल्या) निरीक्षणांसाठी १५ किंवा ३० सेकंद पुरतात.

एलिव्हेशन मास्क (उपग्रह क्षितिजापासून किमान किती वर हवा ती मर्यादा) लॉगिंगच्या वेळी कमी ठेवा, ५ अंश किंवा शून्यसुद्धा चालेल. क्षितिजाजवळचे उपग्रह नको असतील तर प्रोसेसिंगमध्ये १० किंवा १५ अंशांचा मास्क लावून ते गाळता येतात. नोंदलंच नाही ते मात्र नंतर आणता येत नाही.

रिसिव्हरमध्ये दर तासाला नवी फाईल अशी सेटिंग असेल तर ती बंद करा, नाहीतर ६ तासांच्या बेसच्या सहा-सात फाइली जोडत बसावं लागतं. आणि मेमरी भरली की जुनी फाईल आपोआप पुसायची मुभा असेल तर तीही काढून टाका.

३. अँटेनाची उंची: इथे घाई नको

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे. आडव्या दिशेतली चूक पुढे कुठेतरी बेसलाइन (दोन रिसिव्हरना जोडणारी मोजलेली रेषा) बंद होताना दिसते. उंचीतली चूक सगळ्या पॉइंटना सारखीच लागते आणि आकडे देखणेच राहतात.

ट्रायपॉडवर उंची दोन प्रकारे मोजतात. जमिनीवरच्या खुणेपासून अँटेनाच्या कडेवरच्या खाचेपर्यंत टेप तिरका धरून घेतली ती तिरकी उंची. सरळ वर अँटेनाच्या तळाशी असलेल्या संदर्भबिंदूपर्यंत, म्हणजे एआरपीपर्यंत, घेतली ती उभी उंची. रायनेक्स फाईलला (सगळ्या कंपन्यांचं सामाईक रूप, पायरी ५ पाहा) आणि ऑनलाइन प्रोसेसिंग सेवांना उभी उंची लागते, तीही एआरपीपर्यंतची.

एक हिशोब करून दाखवतो. समजा तिरकी उंची १.५४३ मीटर भरली. केंद्रापासून खाचेपर्यंतची त्रिज्या ०.१७० मीटर आहे आणि खाच एआरपीच्या ०.०४४ मीटर वर आहे. तिरक्या उंचीच्या वर्गातून त्रिज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की १.५३४ येतात. त्यातून ०.०४४ वजा केले की एआरपीची उंची १.४९० मीटर. आता कोणी १.५४३ हाच आकडा उभी उंची म्हणून भरला, तर खुणेची उंची ५३ मिलिमीटरने कमी निघते. आणि अहवालात बेसलाइन 'फिक्स', म्हणजे पक्की सुटलेली, असते, कारण सॉफ्टवेअरला ही चूक दिसायला काही मार्गच नाही.

हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. तुमच्या अँटेनाची त्रिज्या आणि खाचेची उंची तिच्या रेखाचित्रावरून घ्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो.

माझी पद्धत अशी आहे:

- तीन वेगवेगळ्या खाचांपर्यंत तिरकी उंची घ्यायची. तिन्ही आकडे २ मिलिमीटरच्या आत आले नाहीत तर अँटेना समतल नाही, पुन्हा बसवायची.
- निरीक्षण संपल्यावर, ट्रायपॉड हलवण्याआधी, पुन्हा मोजायची. मऊ जमिनीत पाय रुततात.
- फिल्डशीटवर मोजलेला आकडा जसाच्या तसा लिहायचा आणि शेजारी 'तिरकी, खाचेपर्यंत' असं लिहायचं. हिशोब करून काढलेला आकडा वेगळ्या रकान्यात.
- जमलं तर टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढायचा.

नुसता '१.५४३' असा आकडा लिहून ठेवला तर महिन्याभराने तो तिरका होता की उभा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

४. त्याच दिवशी उतरवा आणि मूळ फाईलला हात लावू नका

जागेवरून परत आल्यावर पहिलं काम डाउनलोड. रिसिव्हर चार्जिंगला लावण्याआधी.

फोल्डरची रचना साधी ठेवा. कामाचं नाव, त्यात तारखेचा फोल्डर, आणि तारखेच्या फोल्डरमध्ये चार भाग: 'मूळ', 'रायनेक्स', 'प्रोजेक्ट', 'एक्स्पोर्ट'. 'मूळ'मध्ये रिसिव्हरच्या बायनरी फाइली, कंट्रोलरचा पूर्ण जॉब, स्कॅन केलेलं फिल्डशीट आणि फोटो. एवढं टाकून झालं की तो फोल्डर 'फक्त वाचण्यासाठी' करून टाका. यापुढे जे काही कराल ते प्रतीवर. फाईलचं नाव चुकलेलं असलं तरी मूळ फाईलचं नाव बदलू नका. बदल प्रतीत करा आणि नोंद ठेवा.

'मूळ'मधल्या प्रत्येक फाईलचा शा-२५६ चेकसम काढून एका टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा. एका मिनिटाचं काम आहे. पुढे कधी फाईल बदलली का, अर्धवट कॉपी झाली का, असा प्रश्न आला तर त्याचं उत्तर तयार असतं. जमिनीच्या हद्दीचं काम असेल तर हे टाळूच नका.

तारखेबद्दल एक सूचना. जीपीएस स्वतःच्या वेळेने चालतं. ती ६ जानेवारी १९८० पासून आठवड्यांत मोजतात, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. रिसिव्हरच्या फाइलींची नावं बहुधा याच वेळेवरून किंवा वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकावरून पडतात. तुमच्या घड्याळाप्रमाणे पहाटेचं काम फाईलवर आदल्या दिवसाच्या नावाने दिसू शकतं. ती फाईल 'चुकीच्या तारखेची' समजून बाजूला टाकलेली मी पाहिली आहे. म्हणून फिल्डशीटवर स्थानिक वेळ आणि यूटीसी, दोन्ही लिहा.

५. रायनेक्समध्ये रूपांतर

रायनेक्सचा जन्म याच अडचणीतून झाला. १९८९ साली युरोपात युरेफ ८९ ही मोठी जीपीएस मोहीम झाली. तिच्यात चार वेगवेगळ्या कंपन्यांचे साठहून अधिक रिसिव्हर होते आणि कोणाची फाईल कोणाला वाचता येईना. तेव्हा बर्न विद्यापीठाच्या खगोलशास्त्र संस्थेत वेर्नर गुर्टनर यांच्या पुढाकाराने हे सामाईक रूप तयार झालं. ते साध्या मजकुरात आहे, म्हणून आज लिहिलेली फाईल कंपनीचं सॉफ्टवेअर बंद पडल्यावरही वाचता येईल. रायनेक्स काढून ठेवायचं मोठं कारण माझ्या लेखी हेच.

आवृत्ती कोणती? घेणाऱ्याने सांगितली असेल तर तीच. सांगितली नसेल तर ३ च्या मालिकेतली द्या. २.११ जवळजवळ सगळीकडे चालते, पण तिची रचना मुख्यतः जीपीएस आणि रशियाच्या ग्लोनासच्या काळातली आहे. चीनच्या बायडूची निरीक्षणं तिच्यात नीट मावत नाहीत. ४.०० ही आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली, जुनी सॉफ्टवेअर ती उघडत नाहीत.

जुन्या आवृत्तीच्या फाईलचं नाव वाचायला शिकून घ्या. 'एबीसी१०६१०.२४ओ' असं नाव दिसलं तर पहिली चार अक्षरं स्थानकाची, म्हणजे एबीसी१. पुढचे ०६१ म्हणजे वर्षातला ६१ वा दिवस. २०२४ लीप वर्ष असल्याने तो १ मार्च. मग ० हे सत्र, २४ हे वर्ष, आणि 'ओ' म्हणजे निरीक्षणांची फाईल. 'एन' असेल तर ती उपग्रहांच्या कक्षांची फाईल. 'ओ'च्या जागी 'डी' दिसला तर ती हातानाका पद्धतीने आकसलेली फाईल आहे, आधी उलगडून घ्यावी लागते.

रूपांतर शक्यतो रिसिव्हरच्या कंपनीच्याच साधनाने करा, कारण आपली बायनरी फाईल तेच सगळ्यांत नीट ओळखतं. यू-ब्लॉक्स किंवा आरटीसीएमचा (दुरुस्त्या पाठवायच्या सामाईक रूपाचा) प्रवाह नोंदलेला असेल तर आरटीकेलिबमधलं आरटीकेकॉन्व्ह चांगलं चालतं. जुन्या मार्गदर्शिकांत टेक या साधनाचं नाव वारंवार येतं. ते फक्त आवृत्ती २ पुरतं होतं आणि २०१९ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. आवृत्ती ३ च्या फाइली कापायला, जोडायला, विरळ करायला जर्मनीच्या जीएफझेड संस्थेची जीएफझेडआरएनएक्स ही प्रणाली आहे.

६. हेडर उघडून ओळीओळीने वाचा

रूपांतर झालं की फाईल एडिटरमध्ये उघडा. वरच्या तीसेक ओळी म्हणजे हेडर. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला त्या ओळीचं नाव असतं. यातल्या चार ओळी मी प्रत्येक फाईलमध्ये बघतोच.

'मार्कर नेम': इथे पॉइंटचं नाव हवं. अनेकदा रिसिव्हरचा सिरीयल नंबर किंवा नुसतं 'अननोन' पडलेलं असतं.

'अँटेना टाइप': अँटेनाचं आंतरराष्ट्रीय नाव. ते २० रकान्यांत बसतं: पहिले १६ अँटेनासाठी, शेवटचे ४ रेडोमसाठी (अँटेनावरच्या संरक्षक झाकणासाठी). रेडोम नसेल तर तिथे 'नन' असतं. मधल्या रिकाम्या जागाही मोजून असतात. नाव आयजीएसच्या (आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या) अँटेना कॅलिब्रेशन यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर काही सॉफ्टवेअर थांबून विचारतात, काही मात्र गुपचूप शून्य दुरुस्ती धरून पुढे जातात. फेज सेंटर (सिग्नल प्रत्यक्ष जिथे मोजला जातो तो बिंदू) एआरपीपासून कित्येक सेंटिमीटर वर असू शकतं, आणि ते सगळं उंचीत उतरतं.

'अँटेना डेल्टा एच/ई/एन': पहिला आकडा एआरपीची खुणेपासूनची उभी उंची. वरच्या हिशोबातले १.४९०० इथे दिसायला हवेत. शून्य दिसलं तर रूपांतराच्या वेळी उंची गळली. १.५४३० दिसलं तर तिरकी उंची तशीच उतरली. फिल्डशीट शेजारी उघडं ठेवूनच ही ओळ तपासा.

'टाइम ऑफ फर्स्ट ऑब्झ': सुरुवातीची वेळ फिल्डशीटशी जुळते का? शेजारच्या दुसऱ्या पॉइंटची फाईल चुकून घेतली असेल तर ती इथे पकडली जाते.

हेडर हाताने दुरुस्त करता येतं, पण रकाने हलवू नका. एक रिकामी जागा कमी-जास्त झाली तरी फाईल उघडेनाशी होऊ शकते. शक्य असेल तिथे रूपांतराच्या खिडकीतच योग्य माहिती भरा आणि फाईल नव्याने काढा.

मग आरटीकेलिबमधल्या आरटीकेप्लॉटमध्ये फाईल टाकून उपग्रहांच्या पट्ट्या बघा. सलग पट्ट्या म्हणजे चांगली फाईल. एकाच वेळी सगळ्या पट्ट्या तुटल्या असतील तर वीज गेली किंवा केबल निघाली. एकाच दिशेच्या उपग्रहांच्या पट्ट्या तुटक असतील तर त्या बाजूला झाड किंवा भिंत होती.

७. प्रोजेक्ट आधी, इम्पोर्ट नंतर

नव्या माणसाची घाई अशी असते की फाइली आधी ओढून टाकायच्या आणि प्रणाली नंतर निवडायची. क्रम उलटा ठेवा. आधी प्रोजेक्टमध्ये डेटम, प्रोजेक्शन, झोन, जिऑइड मॉडेल (एलिप्सॉइडच्या उंचीवरून समुद्रसपाटीची उंची काढायचं) आणि एकक ठरवा, मग इम्पोर्ट करा.

इम्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर प्रत्येक फाईलसाठी एक तक्ता दाखवतं: पॉइंटचं नाव, अँटेना, उंची, उंची मोजण्याची पद्धत. 'ओके' दाबायची घाई करू नका. मोजण्याच्या पद्धतीचा रकाना 'अँटेनाचा तळ', 'खाचेचं केंद्र' किंवा 'फेज सेंटर' असं काहीतरी दाखवतो. तिरकी उंची भरून पद्धत 'खाच' निवडली तर सॉफ्टवेअर स्वतः हिशोब करतं. आपण हिशोब करून भरलेल्या उंचीवर पद्धत 'खाच'च राहिली तर तोच हिशोब दुसऱ्यांदा होतो.

आता बेस. त्याचा खरा को-ऑर्डिनेट कुठून येणार, हे ठरवा. ज्ञात कंट्रोल पॉइंटवर असेल तर तो आकडा टंकून 'कंट्रोल' म्हणून बांधून ठेवा. नसेल तर जवळच्या कायमस्वरूपी स्थानकांवरून बेसलाइन काढा किंवा ऑनलाइन सेवेला रायनेक्स द्या. अमेरिकेची ओपस १५ मिनिटांपासून ४८ तासांपर्यंतची स्थिर, दुहेरी वारंवारतेची निरीक्षणं घेते. २ तासांखालच्या फाइली तिच्या जलद पद्धतीने सुटतात. कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी आणि ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस याही वापरता येतात. लगेच मिळणारं उत्तर तात्पुरत्या कक्षांवर निघतं. आयजीएसच्या अंतिम कक्षा यायला साधारण दोन आठवडे लागतात, महत्त्वाच्या कंट्रोलसाठी तेवढं थांबून फाईल पुन्हा द्यावी.

या सेवांचं उत्तर बहुधा आयटीआरएफ या जागतिक संदर्भचौकटीत आणि निरीक्षणाच्या दिवसाच्या इपॉकला येतं. भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर सरकतात. म्हणून अनेक वर्षांपूर्वीच्या इपॉकवरचा कंट्रोल आणि आजचं उत्तर थेट वजा केले तर दोन्ही अचूक असूनही जुळत नाहीत. आकड्यासोबत फ्रेम आणि इपॉक लिहिल्याशिवाय तो आकडा वहीत उतरवूच नका.

बेसलाइन 'फिक्स' झाली म्हणजे काम झालं असं मानू नका. शक्य तिथे तोच पॉइंट वेगळ्या वेळी, ट्रायपॉड नव्याने बसवून, दुसऱ्यांदा घ्या. उंची आणि केंद्र साधण्यातली चूक पकडायचा मला माहीत असलेला खात्रीचा मार्ग हाच.

८. आरटीकेचा बेस 'इथेच' ठेवून सुरू केला असेल तर

हे वारंवार होतं. ज्ञात पॉइंट जवळ नसतो, कंट्रोलरवर 'सध्याचं स्थान' असा पर्याय दिसतो, तो दाबून काम सुरू होतं. ते स्थान काही मीटरने चुकलेलं असतं, उंचीत त्याहून जास्त. पण रोव्हरचे सगळे पॉइंट त्या बेसपासून मोजलेले असल्याने आपसात चांगलेच असतात.

बेसवर लॉगिंग सुरू होतं ना? मग घाबरायचं कारण नाही. बेसच्या फाईलवरून त्याचा खरा को-ऑर्डिनेट काढा. नंतर कंट्रोलरची रॉ फाईल सॉफ्टवेअरमध्ये उघडून बेसची नोंद बदला आणि पॉइंट पुन्हा गणित करून घ्या. नुसते तयार पॉइंट उचलून सरकवण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण काय बदललं याची नोंद फाईलमध्येच राहते. बेसच्या स्थानातल्या दर २० मीटर चुकीमागे बेसलाइनमध्ये साधारण दशलक्षात एक भाग फरक पडतो, म्हणजे किलोमीटरला १ मिलिमीटर. काही मीटरची चूक आणि छोटी जागा असेल तर तो विसरता येईल.

आरडब्ल्यू५ मध्ये अक्षांश वाचताना सांभाळा. तिथे ४०.३०४५ म्हणजे ४० अंश ३० मिनिटं ४५ सेकंद, दशांश अंशात ४०.५१२५. तो आकडा दशांश अंश समजून दुसरीकडे टाकला तर पॉइंट सुमारे २३ किलोमीटर दूर पडतो. एवढी मोठी चूक दिसते तरी. बाजूला नकाशा उघडा नसेल तर तीही निसटते.

९. एक्स्पोर्ट: घेणारा काय वाचणार आहे?

सीएसव्ही देताना रकान्यांचा क्रम पहिल्या ओळीत लिहा. 'पॉइंट, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), उंची, वर्णन' की 'पॉइंट, ईस्टिंग, नॉर्दिंग', यावरून पूर्ण नकाशा आडवा पडतो. उंची एलिप्सॉइडची की समुद्रसपाटीची, तेही लिहा. दोन्ही रकाने द्या, म्हणजे जिऑइड बदलला तरी मूळ उंची हाती राहते.

दशांश स्थळं कापू नका. अक्षांशाचं पाचवं दशांश स्थळ सुमारे १.१ मीटरचं असतं, आठवं सुमारे १ मिलिमीटरचं. अंश किमान आठ स्थळांपर्यंत द्या, मी नऊ देतो. मीटरमधल्या आकड्यांना तीन किंवा चार पुरतात.

सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' करू नका. पॉइंट ००१२ चा १२ होतो, १-२ या नावाची तारीख होते, ३ई५ चं ३००००० होतं. बघायची असेल तर एडिटरमध्ये बघा. वर्णन देवनागरीत असेल तर फाईल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, नाहीतर समोरच्याला प्रश्नचिन्हं दिसतात.

काम फुटांत असेल तर कोणता फूट, हे विचारा. आंतरराष्ट्रीय फूट नेमका ०.३०४८ मीटर. अमेरिकी सर्व्हे फूट १२०० भागिले ३९३७ मीटर. फरक दशलक्षात दोन भागांचा आहे. खोलीच्या मापात तो कळतही नाही, पण ५,००,००० मीटरच्या ईस्टिंगवर बरोबर १ मीटर होतो. सर्व्हे फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृत वापरातून काढला गेला, तरी जुन्या फाइलींत तो भेटतोच.

बाकी रूपांबद्दल थोडक्यात. डीएक्सएफ को-ऑर्डिनेट प्रणालीची माहिती भरवशाने वाहून नेत नाही, ती वेगळी लिहून द्या. लँडएक्सएमएल पॉइंट आणि सरफेस दोन्ही नीट नेते. शेपफाईल देताना एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या चारही फाइली सोबत हव्यात. केएमएल फक्त बघण्यासाठी, मोजमापासाठी नाही.

१०. सोपवण्याआधीची चाचणी

पाकिटात या गोष्टी असाव्यात: 'मूळ' फोल्डर आणि त्याचे चेकसम, रायनेक्स फाइली, प्रोसेसिंगचा अहवाल, एक्स्पोर्ट केलेले पॉइंट, फिल्डशीट, आणि एक साधी 'वाचा' नावाची टेक्स्ट फाईल. त्या फाईलमध्ये डेटम, इपॉक, प्रोजेक्शन, झोन, जिऑइड मॉडेलचं नाव, एकक, बेसचा को-ऑर्डिनेट आणि तो कुठून आला, अँटेनांची नावं आणि उंच्या, सॉफ्टवेअरची आवृत्ती. अर्धं पान होतं.

मग हे पाकीट दुसऱ्या संगणकावर न्या, जिथे तुमचा प्रोजेक्ट नाही. रिकामा प्रोजेक्ट उघडा आणि फक्त 'वाचा' फाईल बघून सेटिंग भरा. रायनेक्स इम्पोर्ट करा, एखादी बेसलाइन पुन्हा प्रोसेस करा आणि तो पॉइंट तुमच्या सीएसव्हीतल्या आकड्याशी ताडून बघा. हे करताना तुम्हाला आठवणीतून काही भरावं लागलं, तर तेवढं 'वाचा' फाईलमध्ये लिहायचं राहिलं आहे. ते लिहा, चाचणी पुन्हा करा, आकडे मिलिमीटरपर्यंत जुळले की पाठवा. रिसिव्हरची मेमरी रिकामी करायची ती यानंतर, आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी पोहोचली हे डोळ्यांनी पाहिल्यावरच.